प्रक्षेपाची मालकी : बालकथांची चित्रपटरूपांतरे आणि स्वामित्वहक्काचे वाद

१

रूपांतराचा विचार मराठी समीक्षेला नवा नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ सालचे आणि देवलांचा 'झुंझारराव' १८९० सालचा. तेव्हापासून आपले समीक्षक रूपांतरकाराला मुख्यत्वे एकच प्रश्न विचारत आले आहेत : मुळाशी त्याने इमान राखले आहे काय? डेन्मार्कचा राजपुत्र किंवा व्हेनिसचा सेनापती मराठी नाव घेऊन रंगभूमीवर आला असता त्याच्या स्वभावाचा गाभा कायम राहिला की नाही, हे तपासणे म्हणजेच रूपांतराची समीक्षा करणे, अशी आपली समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. तथापि एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. शेक्सपिअर कोणाच्याच मालकीचा नव्हता. देवलांनी काय बदलले आणि काय राखले, हा प्रश्न त्यामुळे केवळ रसिकांचा राहिला. त्याचा निवाडा करावयास न्यायाधीश बसला नाही.

इंग्रजीतील विख्यात बालकथांवरून गेल्या शतकात जे चित्रपट निघाले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे रूपांतरकाराच्या एका बाजूस समीक्षक उभा असतो आणि दुसऱ्या बाजूस वकील. दोघेही मूळ पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून दोहोंतील फरक मोजतात. मात्र त्या फरकाची जी किंमत दोघे ठरवतात, ती नेमकी उलट असते. समीक्षकाच्या मते फरक हा बहुधा दोष. कायद्याच्या मते फरक हीच मालमत्ता. कथा जुनी होते, तिच्या स्वामित्वहक्काची मुदत सरते आणि ती सर्वांची होते. चित्रपटाने तिच्यात जी भर घातली, तेवढी मात्र निर्मात्याच्या हाती राहते.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण मागाहून घुसलेल्या मजकुरास 'प्रक्षेप' म्हणतो आणि संहिता सिद्ध करताना तो वगळून तळटीपेत घालतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने सिद्ध केली. बालकथांच्या चित्रपटव्यवहारात हे मूल्यमापन उलटे होते. तेथे संहिता निर्धन होते आणि प्रक्षेप श्रीमंत. या उलथापालथीचा विचार केल्यावाचून या रूपांतरांची समीक्षा पुरी होत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कथेतील पात्राचे नाव व रूप खेळण्यांवर, कपड्यांवर, डब्यांवर वापरून तो माल विकण्याचा जो हक्क, त्यास व्यवहारात मर्चंडायझिंग म्हणतात. आपण येथे त्यास वस्तुविक्रीचा हक्क म्हणू. हा हक्क चित्रपटाच्या पोटी जन्मला, अगोदर पुस्तक, मग चित्रपट आणि शेवटी बाहुल्या अशी ही उतरंड आहे, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास तसे सांगत नाही. बिआट्रिक्स पॉटरबाईंचे 'पीटर रॅबिट' लंडनच्या प्रकाशकाने १९०२ साली काढले. अमेरिकेत त्याची नोंदणी करण्यास प्रकाशक चुकला आणि तेथे त्याच्या अनधिकृत आवृत्त्या निघाल्या. १९०३ साली बाईंनी स्वतः सशाची बाहुली तयार केली आणि तिची पेटंट कचेरीत रीतसर नोंद करून घेतली. पुढे १९३६ साली डिस्नेने चित्रपटाची विचारणा केली असता त्यांनी ती नाकारली. म्हणजे बाहुली ३३ वर्षांची झाली तरी चित्रपटाचा पत्ता नव्हता. बाई बाजाराला भ्याल्या, असे यावरून म्हणता येणार नाही. बाजार त्यांना चांगला कळत होता. आपल्या सशाचे रूप दुसऱ्याने ठरवावे, हे मात्र त्यांना मान्य नव्हते.

३

या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ए. ए. मिल्न यांच्या 'विनी-द-पू'चे होय. हे पुस्तक १९२६ साली आणि त्याचा उत्तरभाग 'द हाउस अॅट पू कॉर्नर' १९२८ साली प्रसिद्ध झाला. दोहोंची चित्रे ई. एच. शेपर्ड यांची. या कथेचा उगमच एका विकत आणलेल्या खेळण्यात आहे. मिल्न यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसासाठी १९२१ साली लंडनच्या हॅरड्स या दुकानातून एक अस्वल आणले गेले आणि कथा त्या अस्वलाभोवती रचल्या गेल्या. ते खेळणे १९८७ सालापासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. ते पाहणारास थोडे नवल वाटते, कारण पुस्तकातील पूशी त्याचा चेहरा फारसा जुळत नाही. शेपर्ड यांनी चित्रे काढताना नमुना म्हणून आपल्या स्वतःच्या मुलाचे अस्वल घेतले होते. सारांश, शब्दांतले अस्वल एका घरातले आणि रेषांतले दुसऱ्या घरातले. पहिला प्रक्षेप पहिल्या आवृत्तीतच झालेला आहे, आणि तो इतका एकजीव झाला आहे की त्यावाचून आपणांस पू आठवतच नाही.

१९३० साली मिल्न यांनी अमेरिका व कॅनडा या देशांपुरते वस्तुविक्री व तत्सम हक्क स्टीफन स्लेसिंजर या व्यावसायिकास करारान्वये दिले. स्लेसिंजरने पूच्या बाहुल्या, खेळ आणि ध्वनिमुद्रिका बाजारात आणल्या. शेपर्ड यांच्या मूळ रेखाचित्रांत पू बहुतेक ठिकाणी उघडाच वावरतो. १९३२ सालच्या एका सचित्र ध्वनिमुद्रिकेवर स्लेसिंजरने त्यास लाल सदरा चढवला, असे सांगतात. आज जगातील कोणत्याही मुलास पूचे चित्र काढावयास सांगितले तर ते प्रथम हा लाल सदरा काढील. आणि तो डिस्नेने दिला, असेच बहुतेक प्रौढ सांगतील. वस्तुतः तो डिस्नेच्या चित्रपटाआधी तीन तपांच्या सुमारास दुकानात शिवला गेला. चित्रपटाने वस्तूला रूप दिले नाही. वस्तूनेच चित्रपटाला रूप दिले.

स्लेसिंजर १९५३ साली आणि मिल्न १९५६ साली निवर्तले. १९६१ साली डिस्ने कंपनीने दोन वेगवेगळ्या दारांनी या कथेत प्रवेश मिळवला. मिल्न यांच्या पत्नीकडून तिने चित्रपटाचे हक्क घेतले, तर स्लेसिंजरच्या पत्नीकडून वस्तुविक्रीचे. हे द्वैत पुढच्या सर्व वादांचे मूळ होय. पहिला लघुचित्रपट १९६६ साली आला. त्यात गोफर नावाचा, बिळे पोखरणारा एक अमेरिकन प्राणी कथेत शिरला आणि आपण पुस्तकात नसल्याची कबुली त्याने स्वमुखाने दिली. कोणत्याही पोथीतील प्रक्षेपाने इतक्या प्रांजळपणे आपली ओळख करून दिल्याचे आढळत नाही. याच वेळी नावातील दोन लहानशा आडव्या रेघाही गळाल्या. मिल्न यांचा नायक 'विनी-द-पू' आहे, तर डिस्नेचा 'विनी द पू'. पाठभेद म्हणून ही गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु कोणते अस्वल कोणाचे, हे आज ज्या खुणांवरून ओळखतात, त्यांत ही एक खूण आहे.

१९८३ साली जुने करार मोडून नवा करार करण्यात आला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९९१ साली, स्लेसिंजर यांच्या वारसांच्या कंपनीने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात फिर्याद केली की डिस्ने आपला वाटा पुरता देत नाही. वादातील एक मुद्दा साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. घरी पाहावयाच्या चित्रफिती, पुढे आलेल्या तबकड्या आणि संगणकाचे खेळ यांवर वाटा द्यावयाचा की नाही? चित्रफीत हा चित्रपट आहे की वस्तू? चित्रपट म्हणावा तर ती एका करारात मोडते, वस्तू म्हणावी तर दुसऱ्या. ती दुकानाच्या फळीवर बाहुलीशेजारी मांडली जाते आणि घरी आणल्यावर पडद्यावर कथा सांगते. माध्यम आणि वस्तू यांतील सीमा कोठे आहे, हा सौंदर्यशास्त्रातील प्रश्न येथे हिशेबाच्या वहीत उभा राहिला.

दुर्दैवाने न्यायालयाकडून त्याचे तात्त्विक उत्तर मिळाले नाही. २००१ साली, संबंधित कागदपत्रे नष्ट केल्याबद्दल डिस्नेला न्यायालयाने दंड केला. २००४ साली, वादीपक्षाने खाजगी गुप्तहेरामार्फत डिस्नेची कागदपत्रे गैरमार्गाने, कचऱ्यातून देखील, मिळवली असे ठरवून न्यायालयाने फिर्यादच काढून टाकली, आणि वरिष्ठ न्यायालयाने २००७ साली तो निर्णय कायम केला. मध्यंतरी मिल्न यांच्या नातीने १९३० चा करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली होती. १९७८ पूर्वीचे करार लेखकाच्या वारसांना ठराविक मुदतीनंतर मोडता येतात, अशी अमेरिकन कायद्यात तरतूद आहे. २००५ साली वरिष्ठ संघीय न्यायालयाने सांगितले की १९३० चा करार १९८३ सालीच विसर्जित झाला आहे, आणि १९८३ चा करार त्या तरतुदीत बसत नाही. जो करार उरलाच नाही, तो मोडावयाचा कसा? २००९ साली दुसऱ्या एका संघीय न्यायालयाने, स्लेसिंजर पक्षाने आपले सर्व हक्क डिस्नेस देऊन टाकले आहेत, असा निर्णय दिला.

या अठरा-वीस वर्षांच्या कज्ज्यात मधाच्या हांड्यामागे लागलेल्या त्या मंदबुद्धी, प्रेमळ अस्वलाची कथा कोणीही उलगडून पाहिली नाही. पाहण्याचे कारणही नव्हते. वाद कथेविषयी नव्हताच. तो लाल सदऱ्याविषयी होता.

४

ज्या कथांवर कोणाचाच हक्क उरलेला नाही, त्यांच्याबाबत काय घडते? येथे वरील सिद्धान्ताची खरी कसोटी आहे.

लुई कॅरल यांच्या 'अॅलिस'चे १९५१ साली दोन चित्रपट अमेरिकेत एकाच उन्हाळ्यात आले : एक डिस्नेचा आणि दुसरा लू ब्युनिन यांचा, बाहुल्यांच्या साहाय्याने केलेला. आपण जाहिरातीवर मोठा खर्च केला असून त्याचा फायदा दुसरा चित्रपट उपटीत आहे, अशी तक्रार घेऊन डिस्ने न्यायालयात गेले. न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. कथा सर्वांची आणि तिचे नावही सर्वांचे; तेव्हा दोघांनीही ती सांगावी.

हा निर्णय उदार आहे. पण त्याच न्यायाचे दुसरे टोक 'विझर्ड ऑफ ऑझ'च्या प्रकरणात दिसते. फ्रँक बॉम यांचे पुस्तक १९०० सालचे. तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणे ५६ वर्षांनी, म्हणजे १९५६ साली, ते मुक्त झाले. त्यातील डोरोथीच्या पायांत चांदीचे जोडे आहेत. १९३९ सालच्या एम. जी. एम.च्या रंगीत चित्रपटात ते माणकांचे झाले, कारण नव्या रंगतंत्रात लाल रंग अधिक खुलून दिसतो. पटकथेतील हा एका शब्दाचा बदल होता. १९८५ साली डिस्नेने ऑझवरच दुसरा चित्रपट काढला. त्यात मुलांना ओळखीचे असलेले माणकांचे जोडे हवे होते, म्हणून ते वापरण्याची परवानगी पैसे मोजून घ्यावी लागली. चांदीचे जोडे फुकट होते. ते कोणालाच नको होते.

याच चित्रपटासंबंधी २०११ साली अमेरिकेच्या वरिष्ठ संघीय न्यायालयाने दिलेला निर्णय अधिक सूक्ष्म आहे. १९३९ साली प्रदर्शनाआधी वाटलेल्या काही जाहिरातचित्रांवर स्वामित्वाची सूचना छापलेली नव्हती. त्यामुळे ती चित्रे मुक्त झाली होती. काही व्यापाऱ्यांनी त्यांतील आकृत्या घेऊन सदरे, डबे आणि पुतळे बनवले. न्यायालयाने सांगितले की जाहिरातचित्र जसेच्या तसे छापण्यास हरकत नाही. परंतु त्या आकृतीस चित्रपटातील वाक्याची जोड दिली, अथवा तिचा घनाकार पुतळा केला, की चित्रपटातील व्यक्तिरेखेच्या हक्कावर आक्रमण होते. व्यक्तिरेखा म्हणजे केवळ मुद्रा नव्हे. हावभाव, आवाज, बोलणे आणि वागणे यांतून ती सिद्ध होते, अशी या निर्णयामागची धारणा आहे. व्यक्तिरेखेची ही व्याख्या कित्येक समीक्षाग्रंथांतील व्याख्यांहून नेमकी आहे, हे मान्य केले पाहिजे.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. रड्यार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईस जन्मले आणि त्यांचे 'जंगल बुक' १८९४ साली निघाले. त्यातील वानरांच्या टोळीचे वैशिष्ट्यच हे की तिला कायदा नाही आणि नायक नाही. म्हणूनच जंगलातील इतर प्राणी तिला तुच्छ लेखतात. डिस्नेच्या १९६७ सालच्या चित्रपटात या टोळीस लुई नावाचा एक गाणारा राजा मिळाला. का हा अजगर पुस्तकात मोगलीचा तारणहार आहे. चित्रपटात तो खलनायक झाला. २०१६ साली डिस्नेने पुन्हा 'जंगल बुक' काढले, तेव्हा राजा लुई त्यात आला. २०१८ साली अँडी सर्किस यांचा 'मोगली' आला, त्यात तो नाही. दोघांच्या हाती एकच मुक्त पुस्तक होते. राजा मात्र एकाच्याच दरबारी होता.

५

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. चित्रपटकाराने केलेले बदल कायद्याकडे पाहून केलेले असतात काय? माणकांचे जोडे रंगासाठी आले, राजा लुई संगीतासाठी आला, गोफर विनोदासाठी आला. निर्मितीचे हेतू कलेचे अथवा धंद्याचे असतील, पण मालकी मिळवण्याकरिता कोणी जोड्यांचा रंग बदलला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे सर्व मान्य आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे हेतूविषयी नाही, परिणामाविषयी आहे. रूपांतरकार अनेक कारणांनी अनेक बदल करतो. काळाच्या ओघात कथा मुक्त झाल्यावर त्या बदलांभोवतीच कुंपण शिल्लक राहते. आणि ज्याभोवती कुंपण आहे त्याचीच जाहिरात होते, त्याच्याच बाहुल्या निघतात, तेच पुढच्या पिढीच्या नजरेत भरते. मुलाच्या मनात टिकणारी प्रतिमा अशा रीतीने कथेच्या गाभ्यावर नव्हे, तर तिच्या प्रक्षेपांवर आधारलेली राहते. नायकहीन टोळीला राजा मिळाला, की किपलिंग यांनी कायदा आणि समाज यांविषयी जे सुचवले होते, ते पुसले जाते. पुसणारा हात कलावंताचा असेल. पुसलेले तसेच ठेवणारा हात मात्र बाजाराचा आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. बाजाराविषयीची ही अढी पंडिती नव्हे काय? बालकथेतून पैसा मिळणे यात वाईट ते काय? या आक्षेपास 'पीटर पॅन'चे उत्तर आहे. जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली या कृतीचे सर्व हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयास देऊन टाकले. बॅरी १९३७ साली वारले. त्यामुळे १९८७ अखेर ते हक्क ब्रिटनमध्ये संपले. तेव्हा पार्लमेंटने १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून त्या देशापुरते मानधन त्या रुग्णालयास कायमचे देवविले. रुग्णालयास कथा रोखता येत नाही. तिच्या उत्पन्नाचा वाटा मात्र घेता येतो. न वाढणाऱ्या मुलाच्या कथेने आजारी मुलांना वाढू द्यावे, याहून त्या कथेचा चांगला उपयोग सुचणे कठीण. तेव्हा पैसा हा येथे शत्रू नव्हे. वाटा घेणे आणि रूप रोखून धरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपला आक्षेप दुसरीला आहे.

६

१९२६ सालचे 'विनी-द-पू' जुन्या अमेरिकन कायद्याप्रमाणे १९८२ सालीच मुक्त व्हावयाचे; पण मुदती दोनदा वाढल्या आणि शेवटी १ जानेवारी २०२२ रोजी ते तेथे मुक्त झाले. पुढील वर्षी त्यावर एक रक्तरंजित भयपट आला. ती कृती वाङ्मयीन दृष्ट्या चर्चेस योग्य नाही; पण तिचे एक अंग अभ्यसनीय आहे. तिच्यात टिगर हा वाघ नव्हता, कारण तो १९२८ च्या पुस्तकात प्रथम येतो आणि ते २०२४ पर्यंत बद्ध होते. ते मुक्त होताच २०२४ च्या उत्तरभागात वाघ हजर झाला. कथेचा असा विध्वंस करणाऱ्यांना देखील कोणते पात्र कोणत्या ग्रंथात, कोणत्या वर्षी प्रथम आले, हे एखाद्या संशोधकाप्रमाणे तपासावे लागले.

यातून जो निष्कर्ष निघतो, तो थोडा अनपेक्षित आहे. मूलनिष्ठा हा निकष जुना झाला, असे अलीकडे म्हटले जाते. रूपांतर ही स्वतंत्र कलाकृती असल्यामुळे मुळाशी तिची तुलना करू नये, असा आग्रह दिसतो. कलामूल्यापुरता तो योग्यही असेल. परंतु जो रूपांतरकार चित्रपट पाहून वाढला आणि ज्याने मूळ पुस्तक उघडले नाही, तो आपल्या नकळत दुसऱ्याच्या कुंपणात पाऊल टाकतो. ज्याने पुस्तक नीट वाचले आहे, त्याला चांदीचे जोडे, उघडे अस्वल आणि नायकहीन वानर मोकळे सापडतात. अशा रीतीने मूलनिष्ठेला एक नवा अर्थ प्राप्त झाला आहे. पूर्वी ते रूपांतरकाराचे नैतिक कर्तव्य होते; आता ते त्याच्या स्वातंत्र्याचे साधन आहे. संहिता आणि प्रक्षेप वेगळे करण्याची आपली जुनी विद्या या ठिकाणी अनपेक्षितपणे उपयोगी पडते.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर संपत असता पन्नासाची साठ वर्षे झाली, हे सर्वश्रुत आहे. मिल्न १९५६ साली वारले. या हिशेबाने त्यांचा मजकूर आपल्याकडे २०१७ च्या आरंभी मुक्त झाला आणि त्याचे मराठी भाषांतर करण्यास आज कोणाची अनुमती लागत नाही. शेपर्ड मात्र १९७६ पर्यंत जगले. म्हणून त्यांची चित्रे २०३६ अखेरपर्यंत बद्ध आहेत. लाल सदऱ्याचे अस्वल तर याहून वेगळ्या कुंपणात आहे. तात्पर्य, मराठी भाषांतरकाराच्या हाती आज पूचे शब्द आहेत, पण त्याचा चेहरा नाही.

ही अडचण म्हणून पाहता येईल. संधी म्हणूनही पाहता येईल. आपल्या शहरांतील पुष्कळ मुलांना पू भेटतो तो दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर, लाल सदरा घालून, एकही वाक्य न बोलता. ज्या कथेसाठी तो जन्मला ती कथा त्यांनी ऐकलेली नसते. एखाद्या मराठी लेखकाने त्या मजकुराचे चांगले भाषांतर करावे आणि एखाद्या मराठी चित्रकाराने, शेपर्ड यांनी केले तसेच, आपल्याच घरातील एखादे खेळणे समोर ठेवून त्या अस्वलाला नवे रूप द्यावे. तोही प्रक्षेपच होईल. पण तो मुलाला दुकानाकडून कथेकडे नेणारा असेल, आणि हे काम करण्यापासून आज कोणताही कायदा आपणांस अडवत नाही.